टबातलं पाणी

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. बजाजनगरात इमारतींवर इमारती चढत होत्या, पाणी मात्र टँकरचं. गल्लीत टँकर आल्याची ओरड झाली तशी प्रेरणानं चार वर्षांच्या शर्वरीला दिराच्या, सुयशच्या हवाली केलं आणि हंडा उचलून पळाली.

परत आली तर सुयश कानात इयरफोन खुपसून कॉम्प्युटरपुढं. पडद्यावर लढाईच्या काळातली छावणी, पांढऱ्या कोटातले डॉक्टर, अर्धमेला कैदी, शेजारी मांडलेल्या सुऱ्या. आणि सुयशच्या मागं, दाराला चिकटून शर्वरी. पापणीसुद्धा हलत नव्हती.

प्रेरणानं हंडा दारातच टेकवला आणि आधी बटण बंद केलं.

"भाऊजी, ही कधीपासून बघतेय?"

"आईशप्पथ वहिनी, मला कळलंच नाही!" सुयशचा चेहरा उतरला. "आत्ता बर्फाच्या टबाचा सीन झाला. पण त्याच्या आधीचा बघितला असेल तर..."

"काय होतं आधी?"

"एकाची कातडी... जाऊ द्या ना. सगळा मेकअप असतो."

मेकअप म्हणे! प्रेरणानं बी.ए.ला इतिहास घेतला होता. महायुद्धात कैद्यांवर असले प्रयोग खरोखर झालेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दिवसभर तिची नजर लेकीवरून हलली नाही. शर्वरी जेवली नाही. बाहुलीला रिकाम्या बादलीत बसवायची, काढायची, पुन्हा बसवायची. विचारायची भीती, न विचारायचीही भीती.

शेवटी संध्याकाळी गंगापूरहून आलेल्या सासूबाईंनी, आवडाबाईंनी नातीला मांडीवर ओढलं.

"काय बघितलंस ग माय, येवढं तोंड पाडून बसायला?"

"आई, नका ना विचारू..."

"तू गप बस जरा. बोल ग."

"एका काकाला बर्फाच्या पाण्यात बसवलं. इथपर्यंत!" शर्वरीनं गळ्याला हात लावला. "आणि मग डॉक्टरनं सगळं पाणी सोडून दिलं, आज्जी! खाली बादलीसुद्धा नाही लावली!" तिचा आवाज रागानं चिरकला.

"आणि त्याच्या आधी?" प्रेरणानं विचारलं.

"आधी मी शी करत होते. एकाच डब्यात धुतलं. मग आले."

"आणि पाणी सोडल्यावर?"

"एक जण सुऱ्या पुसत होता. मग तू बंद केलंस."

प्रेरणा मटकन खाली बसली आणि तोंडाला ओढणी लावून हसत सुटली. सुयशनंही एवढा मोठा सुस्कारा सोडला, की आवडाबाई त्याच्याकडं वळल्या.

"तुला लई आवड हाय व्हय प्रयोगांची? उद्यापासनं सगळे हंडे तू भरायचे. बघू काय व्हतंय ते."

पण शर्वरीचं अजून संपलं नव्हतं.

"आई, त्या काकाला थंडी वाजत होती. त्याला मग टॉवेल दिला का?"

सुयशनं मान खाली घातली. प्रेरणानं लेकीचे केस मागं सारले.

"दिला ना. चांगला जाड. वर गरम चहाही दिला."

"दुधाचा?"

"दुधाचा."

"मग ठीकंय," शर्वरी म्हणाली आणि आजीच्या मांडीवरून उतरून तिनं ताट पुढं ओढलं.