भर दुपारी लावलेला दिवा

मित्रांनो, मी एक जुना पितळी दिवा आहे. बुडाला पोचा आहे, अंगावर हिरवी पुटं चढली आहेत, पण हसू नका. दिव्याच्या जातीत कोणाच्या वाट्याला येत नाही ते मी पाहिलंय. मला दोनदा भर दुपारी लावलं गेलं.

भंडाऱ्याच्या एका कारागिरानं मला ओतलं आणि गोंदियाच्या बाजारात पाठवलं. तेव्हा तिथं आगगाडी नवी होती. इंजिनाची शिट्टी ऐकून बैल दावं तोडून पळत! टेकचंद नावाच्या व्यापाऱ्यानं मला घेतलं आणि दुकानात, गादीजवळच्या कोनाड्यात बसवलं. टेकचंदचा धंदा लाखेचा. लाख म्हणजे शंभर हजार नव्हे बरं का! पळसाच्या फांद्यांवर बारीक किडे तांबडा, राळेसारखा थर करतात, ती लाख. देवरीकडच्या रानातून लोक ती कावडीनं आणत. टेकचंदच्या भट्टीत वितळवून तिचे पातळ पापुद्रे करत, त्याला चपडा म्हणत. रोज तिन्हीसांजेला टेकचंदची बायको सुखवंता मला लावायची आणि येणारेजाणारे मला हात जोडायचे. माझा थाट काय सांगू!

मग एका वर्षी चपड्याचा भाव पडला. पुढे चढेल म्हणून टेकचंदनं सगळा माल टिनाच्या गोदामात रचून ठेवला. वैशाख तापला. गोदाम उघडलं तर पोती कुठली नि चपडा कुठला! सगळं वितळून तांबडा एकच खडक झालेला. कुऱ्हाड मारली तर कुऱ्हाडच अडकून बसली. अहो, लाख उन्हात चिकटते हे त्याला का ठाऊक नव्हतं? पण डोळे भावाकडे लागले होते ना!

श्यामलाल वकिलांनी त्याला समजावलं, "दोन वाटा आहेत, टेकचंदजी. कोर्टात नादारीचा अर्ज करा. घर, दुकान, भट्टी विकून येईल ते सगळ्यांत वाटलं जाईल, उरलेल्या देण्यातून तुम्ही सुटाल. नाहीतर हप्तेबंदी करा. पंचांसमोर स्टांपावर लिहून द्या आणि बारा वर्षं फेडत राहा. घर वाचेल, पण पोटाला चिमटा बसेल."

"नादारीत लोकांना रुपयामागं काय मिळेल?"

"तीन आणे. फार तर."

टेकचंदनं वही उघडली. तेवीस जणांचं देणं होतं, बहुतेक रानातून लाख आणणारे. बारा वर्षं त्यांची तोंडं कशी बघायची, म्हणून त्यानं नादारीचीच वाट धरली.

आमच्या बाजारात तेव्हा एक रीत होती. ज्याचं बुडालं तो व्यापारी गादी उलटी करायचा आणि भर दिवसा दुकानात दिवा लावायचा. तोंडानं काही सांगावं लागत नसे. दिवाळं हा शब्द त्या दिव्यावरूनच आला, असं बाजारातली म्हातारी माणसं सांगत.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेकचंदनं गादी उलटी केली आणि मला लावलं. त्या उन्हात माझी ज्योत धड दिसतही नव्हती. मेलं, हेच करायला जन्मलो का, असं मला झालं! समोरचे दुकानदार पायरीवर येऊन उभे राहिले. आत कोणी येईना.

तेवढ्यात उदाराम आला. देवरीकडून दोन दिवस चालत आलेला, खांद्यावर लाखेची कावड. टेकचंदकडे सगळ्यात जास्त पैसे त्याचेच होते. शहराची रीत त्या भल्या माणसाला काय माहीत! त्यानं कावड खाली ठेवली आणि मला हात जोडले.

"माह्यासाठी दिवा लावून ठेवला जी, शेठ? पाहुना येनार असन तं आमी बी लावतो. पन अशा दुपारी माह्यासाठी कोनीच नाही लावला."

वात आत सरकत होती. त्यानं ती नखानं पुढं ओढली आणि वारा लागू नये म्हणून तळहात आडवा धरला. त्याच्या बोटाला चिकटलेली लाख ऊब लागून वितळली आणि तिचा एक थेंब माझ्या काठाला चिकटला. मित्रांनो, हजारो हात मला जोडले गेले होते, पण मला असं कोणी जपलं नव्हतं. मी थक्क झालो.

टेकचंदची मान वर होईना. शेवटी सुखवंताच बाहेर आली. "उदारामदादा, खोटं कशाला बोलू? हा दिवा तुमचे पैसे बुडाले हे सांगायला लावलाय."

उदारामनं ज्योतीपुढचा तळहात काढला नाही. तो म्हणाला, "लावला तं लावला. पन दिव्यासमोर 'नाही' कायले म्हनता? आज नसन तं थोडे थोडे द्या. मी का मरून राहिलो? आखरीचे पैसे घ्याले येईन, तवा असाच दुपारी दिवा लावजा."

टेकचंदला हुंदका आवरेना. त्यानं मला मालवलं, गादी सुलटी केली आणि वकिलांकडे निरोप धाडला.

हप्तेबंदी झाली. तेवीस जणांचे अंगठे उठले. सुखवंताच्या हातातले चांदीचे गोठ गेले, बैलगाडी गेली. टेकचंद स्वतः भट्टीपुढं बसून तो तांबडा खडक तुकड्या-तुकड्यानं वितळवू लागला. एका वर्षी हप्ता चुकला, तेव्हा पंचांनी मुदत वर्षानं वाढवली. म्हणून नादारी वाईट, असं समजू नका हं. ज्याच्याकडे काहीच उरलं नाही त्याच्यासाठी कायद्यानं ठेवलेली ती वाट आहे. टेकचंदकडे अजून हात होते.

तेराव्या वर्षी, कार्तिकातल्या एका दुपारी टेकचंदनं मला घासलं, तेल घातलं आणि लावलं. बाजारात एकच हाकाटी झाली, "अरे, टेकचंद का दिवाला निकल गया!" लोक धावत आले. बघतात तर गादी सुलटी, गादीवर म्हातारा उदाराम, आणि टेकचंद खाली उभा राहून त्याच्या ओंजळीत शेवटचे रुपये ठेवतोय! उदारामनं पैसे मोजले नाहीत. चाचपडत हात लांब केला, माझी वात पुढं ओढली आणि तळहात आडवा धरला.

"आता तं माह्यासाठीच लावला ना जी?"

"तुमच्यासाठीच, दादा."

आता ते दोघंही नाहीत. घरात विजेचे दिवे आलेत आणि मी अडगळीत पडलोय. मित्रांनो, कधी मला बाहेर काढाल तर चिंच लावून खुशाल घासा, पोचाही काढा. फक्त माझ्या काठावर लाखेचा एक तांबडा ठिपका आहे, तो तेवढा राहू द्या.