आग्नेसचा झगा

"ही चेन कुणी लावली?" डोरीनने झगा टेबलावर पालथा टाकला.

गॅव्हिन, आमच्या हवेलीतल्या संग्रहालयाचा नवा व्यवस्थापक, चहा पीत होता. "शहरातून लावून आणली. तुम्ही रजेवर होतात ना. अहो, पाहुण्यांना झगे घालून फोटो काढायचे असतात. पुढची नाडी ओवायला दहा मिनिटं जातात. चेन कशी, सर्रकन."

मी शेजारच्या स्वयंपाकघरात पाहुण्यांसाठी जुन्या पद्धतीचे पाव भाजते. दार उघडंच असतं, सगळं ऐकू आलं. त्या झग्यात डोरीनने दोन वर्षं जीव ओतला होता. साडेचारशे वर्षांपूर्वी आमच्या गावची आग्नेस नावाची धोबीण वारली. तिच्या मृत्युपत्रात एक ओळ आहे, 'माझा एकच झगा, तपकिरी, तो बहिणीला.' तेवढ्यावरून डोरीनने जुनी चित्रं धुंडाळली, तशी लोकर मिळवली, एकेक टाका हाताने घातला. पाठ मुद्दाम अखंड ठेवली होती. ती आता मानेपासून कमरेपर्यंत उभी कापलेली.

"मागून बंद करायला मोलकरीण लागते, बाळा," डोरीन म्हणाली. "आग्नेसच्या दिमतीला कोण होतं? तू?"

"मागचं कोण बघतंय, डोरीन? धोबीणच तर होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वरच्या दालनातल्या राणीच्या झग्याला काचेचं कपाट, आणि धोबिणीच्या पाठीत कात्री. हा मेला राणीच्या झग्याला बोट तरी लावेल का?

डोरीन मात्र भांडली नाही. खिडकीशी बसून तिने चेन उसवली आणि गॅव्हिनच्या बशीत नेऊन ठेवली. मग जाड पांढरा दोरा ओवला. मला वाटलं, चीर लपवेल. तिने टाके चांगले ठसठशीत घातले.

दुपारी तो झगा तिने स्वतःच चढवला. पुढची नाडी दहा मिनिटं लावून ओवली आणि अंगणातल्या दगडावर कपडे धुवायला बसली, पाहुण्यांकडे पाठ करून. गॅव्हिन दारात येऊन उभा राहिला.

एका बाईने विचारलं, "हे पाठीवर काय झालं हो?"

"कुणीतरी फाडलं," डोरीन मागे न बघता म्हणाली. "मग आग्नेसने शिवलं. तिच्याकडे झगा एकच होता."

आणि तिने धोपाटणं पुन्हा उचललं.