मानेचं माप

बाबा शिंपी. कित्येक वर्षं त्यांची हनुवटी छातीला टेकलेली. आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. ते म्हणेपर्यंत चहा निवायचा. अर्थ एवढाच, की मणके एकमेकांना चिकटून मानेचं एकच हाड झालं होतं. बाबा गिऱ्हाइकांना चपलांवरून ओळखायचे. आईला बोलायचं असलं की ती समोर बुटक्या स्टुलावर बसायची आणि मान वाकडी करून खालून त्यांच्या नजरेत शिरायची. आमच्याकडे भांडणंसुद्धा बसूनच व्हायची.

सर्जन म्हणाले, "हाड कापून मान वर उचलता येईल. पण जिथे ठेवू तिथेच कायमची राहील. सरळ केली तर मशीनची सुई दिसणार नाही, वाकलेली ठेवली तर माणसं दिसणार नाहीत. काय बघायचंय ते ठरवा."

"सुई," आई म्हणाली. "माझ्या तोंडाला काय सोनं लागलंय?"

"लागलंय की नाही ते बघायलाच ऑपरेशन करतोय," बाबा म्हणाले.

घरी त्यांनी आईला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. टेप माझ्या हातात.

"शिलाईत जायला दोन बोटं जास्त धरू का?" मी विचारलं.

"मी काय उशीचा अभ्रा आहे?" आई म्हणाली.

तिच्या डोळ्यांच्या उंचीवर मी चौकटीला खडूची रेघ मारली. सर्जननी कोन काढला तो त्या मापावरून.

ऑपरेशनच्या आधीच आई गेली. आजार बाबांना, आणि हृदय बंद पडलं आईचं. आमच्या घरात कामाची वाटणी कधी धड नव्हतीच. तिला जमिनीवर ठेवलं होतं. बाबा शेजारी उभे राहिले. त्यांना चेहरा दिसावा म्हणून पहिल्यांदाच तिला मान वाकडी करावी लागली नाही.

"बाबा, आता सुईचं माप सांगू या का डॉक्टरांना?" मी म्हटलं. "दुकान तरी चालेल."

"घेतलेलं माप बदलायचं नसतं. गिऱ्हाईक येवो न येवो."

ऑपरेशन छान झालं. हातपाय हलत होते, सर्जन खूश होते. मान हलू नये म्हणून डोक्याभोवती बसवलेलं लोखंडी कडं निघाल्यावर बाबा घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारासमोर जाऊन थांबले. नजर बरोबर रेघेवर. सर्जनचा हात शिंप्याचाच म्हणायचा. दार होतं, रेघ होती. बाबा बघत राहिले.

मला ते बघवेना, म्हणून मी जाऊन दारात उभा राहिलो. मी ताडमाड. बाबांच्या नजरेसमोर माझ्या शर्टाचा खिसा आला.

"खिसा तिरका आहे. कुणी शिवला?"

"तुम्हीच."

"अंगावरचं दिसत नव्हतं रे."

मी गुडघे वाकवून डोळे रेघेवर आणले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे आईवर गेलेत, असं सगळे म्हणतात. त्यांना आता मान खाली घालता येत नव्हती, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

"सरळ उभा राहा," ते म्हणाले. "सवय लागते."