फेरीचा खडू

पैलवान कधी कुस्ती खेळला नव्हता. भांडणात तर तो बायकोपुढेसुद्धा टिकायचा नाही. नाव पडलं होतं ते नटांमुळे. गंजून चिकटलेला, ज्यापुढे इतरांनी हात टेकले असा नट असला की गाडी सासऱ्यांच्या गॅरेजात यायची. पैलवान लांब दांड्याचा पाना लावायचा, श्वास धरायचा आणि एकदाच असा काही हिसका द्यायचा की नट कुईं करून सुटायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "वा पैलवान," आणि तो कपाळ पुसत म्हणायचा, "त्यात काय एवढं." खरं सांगायचं तर त्या 'त्यात काय एवढं'साठीच तो सकाळी उठून कामाला यायचा.

गॅरेज सासऱ्यांचं. दोन्ही जावई त्यांना मामा म्हणायचे. मामांना मुलगा नव्हता, दोन मुली होत्या. थोरलीचा नवरा हा पैलवान. धाकटीचा नवरा काही वर्षांनी आला आणि त्याच गॅरेजात कामाला लागला. साडू साडूच्या जागी शोभतो, लग्नाच्या पंगतीत, वर्षातून एकदा. रोज सकाळी शेजारच्या खुंटीवर त्याचा डबा लटकलेला बघायचा म्हणजे फार झालं. त्यातून हा गोड बोलायचा. गिऱ्हाइकाच्या आईचे गुडघे कसे आहेत, हेही विचारायचा. पैलवानाने त्याचं नाव मनातल्या मनात मिठ्ठू ठेवलं होतं. तोंडावर मात्र तो त्याला "काय रे" म्हणायचा, आणि मिठ्ठू त्याला "दादा".

मामांची एक पद्धत होती. चाक कोणीही बसवो, गाडी बाहेर पडायच्या आधी एकाने हातपाना घेऊन चारही चाकांशी फिरायचं, एकेक नट हाताने आवळून बघायचा, आणि मग त्या टायरवर खडूची रेघ ओढायची. गॅरेजात याला फेरी म्हणत. रेघ नाही तर गाडी हलणार नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. मामांना वाकणं जमेना, तेव्हा त्यांनी काउंटरमागची खुर्ची धरली आणि खडू पैलवानाच्या हातात दिला. धाकट्या जावयासमोर दिला. पैलवान तो दिवस विसरला नव्हता आणि त्याने बायकोलाही विसरू दिला नव्हता.

आणि मग ते मशीन आलं.

विषय काढला मिठ्ठूनेच. "मामा, नट फिरवायचं ते बॅटरीवरचं इम्पॅक्ट मशीन घेऊ या. दादांचा खांदा हल्ली फार धरतो." मामा हो म्हणाले. पैलवानाला मात्र त्यातलं खांदा एवढंच ऐकू आलं. म्हणजे मी म्हातारा झालो तर, असं तो मनात म्हणाला, आणि ते त्याच्या मनात जे रुतलं ते निघालंच नाही.

मामांनी खरेदीला दोघांनाही धाडलं. दुकानदाराने एका जाड लोखंडी पट्टीत बोल्ट आवळून ठेवला होता. आधी पैलवानाच्या हातात पाना दिला आणि म्हणाला, सोडवून बघा. पैलवानाने दात ओठ खाऊन सोडवला. मग दुकानदाराने तो परत आवळला आणि मिठ्ठूच्या हातात मशीन दिलं. घर्रर्र झालं, आणि मिठ्ठू नुसता उभा असतानाच नट सुटून टेबलावर पडला. दुकानातले दोघं-तिघं वळून बघायला लागले. मघाशी पैलवानाच्या वेळी कोणी वळलं नव्हतं.

"मागे हवेची नळी नाही, काही नाही. कुठेही न्या," दुकानदार सांगत होता. "नटावर बसणारी सॉकेटं मात्र ही काळी, जाडच वापरा. साधी चकचकीत लावाल तर तडकतील. आणि एक लक्षात ठेवा. सोडवताना पूर्ण जोर लावा, पण आवळताना कमी जोरावर ठेवून नट नुसता बसवून घ्या. शेवटचा हात हातानेच द्यायचा."

"ऐकलंस ना?" पैलवान म्हणाला. सबंध दुकानात त्याला आवडलेलं हे एकच वाक्य.

"दादा, बॅटऱ्या दोन घेऊ. एक चार्जिंगला, एक कामाला."

"एक बास झाली. मशीनला काय दोन वेळा जेवायला लागतं?"

दुकानदाराने मान हलवली, पण मिठ्ठू म्हणाला, "दादा म्हणतात तर एकच द्या." हेही पैलवानाला झोंबलं. माणसाने निदान वाद तरी घालावा.

नव्याचे नऊ दिवस, असं म्हणून पैलवान वाट बघत बसला. नऊ गेले, त्याच्या पुढचेही गेले, मशीन काही जुनं होईना. चिकटलेल्या नटाची गाडी आली की तो सवयीने पाना उचलायचा, आणि तो पोचेपर्यंत पलीकडे घर्रर्र होऊन नट तसराळ्यात पडलेला असायचा. गिऱ्हाइकं मशीन हातात घेऊन बघायची, वजनाचा अंदाज घ्यायची, कितीला पडलं विचारायची. मिठ्ठू म्हणायचा, "त्यात काय एवढं." पैलवानाचं वाक्य, पैलवानासमोर, आणि तेही इतक्या सहज. पैलवानाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याने मिठ्ठूला "अरे तुरे" करणं सोडलं आणि "अहो जाहो" सुरू केलं. "तुमचं मशीन बाजूला घेता का जरा." "तुम्हाला काय, बटण दाबलं की झालं." मिठ्ठू पहिल्यांदा हसला, मग हसायचा थांबला.

घरी थोरलीने एक दिवस विचारलंच. "खांदा दुखत होता तो थांबला ना? मग आता पोट का दुखतंय?"

"माझं कशाला दुखेल?"

"काल झोपेत सुद्धा घर्रर्र करत होतात."

पैलवान ताटावरून उठला नाही, कारण भूक होती.

आता इथवर ठीक होतं. जळणारा माणूस स्वतःच्याच घरात धूर करतो, बाहेरच्याला काय त्याचं. पण पैलवानाने पुढे जे केलं ते वाईट होतं. त्याने फेरी सोडली. म्हणजे वरवर सोडली नाही. तो हातपाना घेऊन चाकाशी वाकायचा, नटांना नुसता पाना लावल्यासारखं करायचा आणि रेघ ओढायचा. मशीनने आवळलंय ना, मग आता माझ्या हाताची कसली गरज, असं तो स्वतःलाच ऐकवायचा. आत मात्र वेगळंच होतं. एकदा, एकदाच ते मशीन सगळ्यांसमोर चुकावं, एवढी त्याची इच्छा होती. कधी रेघेखाली टायरवर एक पांढरा ठिपका दिसायचा. खडू भुसभुशीत निघालाय असं ठरवून तो पुढे जायचा.

आणि अशात एके दिवशी बेकरीवाल्या बाई आल्या. त्यांची जुनी व्हॅन म्हणजे पैलवानाची हक्काची गाडी. तिच्या प्रत्येक नटाने त्याचा घाम प्यायलेला. बाई दर वेळी म्हणायच्या, "माझ्या गाडीला पैलवानच हवा." त्या दिवशी चारही टायर नवे घालायचे होते. पैलवान हात पुसत पुढे झाला, तर बाई त्याच्या खांद्यावरून आत बघत म्हणाल्या, "ते मशीनवाले कुठे आहेत? म्हणे झटक्यात होतं. मला पाव पोचवायचेत."

"आहेत ना," पैलवान म्हणाला. "बोलावतो त्यांना." आणि त्याने खरंच बोलावलं. आतून मात्र जळून खाक झाला होता.

काम झटक्यातच चाललं होतं. तीन चाकं झाली. मागच्या डाव्या चाकाचे दोन नट बसले, आणि तिसऱ्यावर मशीन घुटमळलं. लाल दिवा लुकलुकला, घरघर बारीक झाली आणि थांबली. दुसरी बॅटरी नव्हतीच. उरलेले नट बोटांनी फिरवलेले, तसेच राहिले. तेवढ्यात मामांनी काउंटरवरून हाक मारली, कोणाला तरी सॉकेट दाखवायचं होतं. "दादा, आलोच हां," म्हणून मिठ्ठू बॅटरी काढून घेऊन गेला.

चाकाशी पैलवान एकटा उरला. हातपाना त्याच्या पायाशी होता. उरलेले नट आवळायला कितीसा वेळ लागणार होता? पण त्याच्या मनात आलं, थोडं पुढे जाऊन चाक खडखडेल, बाई परत येतील, चारचौघांत म्हणतील की हे कसलं तुमचं मशीन. पुढच्या खेपेला पैलवानच हवा म्हणतील. हे चित्र त्याला इतकं आवडलं की त्याने जॅक खाली सोडला, खिशातून खडू काढला आणि टायरवर रेघ ओढली. मग मागच्या नळावर जाऊन तो हात धूत बसला. साबण दोनदा लावला, नखं घासली. व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हाही तो नखंच घासत होता.

बाहेर आला तर मामा रस्त्याकडे बघत बसले होते. "बाई गेल्या बघ. आज शाळेत पाव पोचवायचेत म्हणे, खालच्या."

खालची शाळा म्हणजे उताराचा रस्ता. खाली चौक, आणि चौकाला लागून शाळेचं फाटक. चाक खडखडेल, बाई परत येतील, या हिशेबात पैलवानाने उतार धरलाच नव्हता. हातपाना उचलून तो मामांच्या स्कूटरवर बसला. "अरे, काय झालं?" मामा विचारत राहिले. तोवर स्कूटर रस्त्याला लागली होती.

उतार जिथे सुरू होतो तिथे एक किराणा दुकान आहे. बाईंनी तिथे पावांची पाटी उतरवायला गाडी थांबवली होती, म्हणून सापडल्या. पैलवानाने स्कूटर स्टँडलासुद्धा लावली नाही, भिंतीला टेकवली. मागच्या डाव्या चाकाशी गुडघे टेकून त्याने पाना लावला आणि जोर दिला.

नट हलला नाही.

दुसरा लावला. तिसरा. जे बोटांनी फिरवलेले राहिले होते ते सगळे घट्ट होते, कोणीतरी हाताने आवळलेले. त्याने टायरकडे बघितलं. त्याची रेघ होती, आणि रेघेखाली पांढरा ठिपका.

"काय राहिलं का हो?" बाई पाटी घेऊन उभ्या होत्या. "तुमच्या साडूंनी मी निघायच्या आधीच सगळे नट हाताने बघितले की. या चाकाला जरा वेळच लागला त्यांना. मी म्हटलं, रेघ तर ओढलेली आहे, मग परत कशाला? तर म्हणाले, दादांनी बघितलंय, मी आपला हात बसावा म्हणून त्यांच्या मागून फिरतो."

पैलवान गुडघ्यांवरच बसून राहिला. किती दिवस ते ठिपके त्याला दिसत होते. किती गाड्या त्याच्या खोट्या रेघा घेऊन बाहेर पडल्या होत्या, आणि प्रत्येकीमागून तो गोडबोल्या वाकून वाकून फिरला होता. मिठ्ठूला सगळं माहीत होतं. मामांना सांगितलं असतं तर खडू त्याच दिवशी त्याच्या हातात आला असता. त्याने सांगितलं नाही. बाईंनाही सांगितलं नाही. पैलवानाला लाज वाटली, हे खरंच. पण खोटं कशाला बोला, लाजेच्या आधी त्याला हेवाच वाटला. मशीन आपणही घेऊ शकलो असतो. हे आपल्याला जमलं नसतं.

"काही नाही राहिलं," तो म्हणाला. "सावकाश जा, ताई."

तो परतला तेव्हा मामांनी त्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि ते परत रस्त्याकडे बघायला लागले. मिठ्ठू एका लाल गाडीचं चाक बसवून उठत होता.

"दादा, ही झाली. फेरी मारता ना?"

पैलवान वाकला. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक नट त्याने स्वतःच्या हाताने आवळून बघितला, खांदा ठणकेपर्यंत. चारही टायरांवर रेघा ओढल्या. उठताना तो म्हणाला, "उद्या दुसरी बॅटरी आणू."

"तुम्हीच नको म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

मिठ्ठू मान हलवून हसला. पैलवान पाण्याच्या बाटलीकडे वळला, आणि बाटली तोंडाला लावताना त्याने मागे बघितलं. मिठ्ठू पहिल्या चाकाशी वाकला होता. हातपाना लावून एकेक नट बघत होता. न चुकता, न सांगता, कालच्यासारखाच. आता खरी फेरी मारली होती, आणि तरी तो बघत होता. पैलवानाच्या नाकाला मिरची लागल्यासारखं झालं. पण बोलायला त्याला तोंड कुठे होतं?

चाक बघून झालं तसा मिठ्ठूने खिसा चाचपला आणि वाटाण्याएवढा खडूचा तुकडा काढला. मान वर करतो तर पैलवान समोर उभा. मिठ्ठूचा हात तिथेच थांबला. चोरी त्याची नव्हती, तरी चेहरा त्याचाच पडला.

पैलवानाने आपला खडू, मामांनी दिलेला, त्याच्यापुढे धरला.

"तो तुकडा टाक," तो म्हणाला. "आणि ठिपका नको काढूस. नीट रेघ ओढ."