पार्किंगमधला बास्केटबॉलचा बोर्ड

मी एक जुना बास्केटबॉलचा बोर्ड आहे. लवळ्याच्या टेकडीखालच्या एका कॉलेजात लोखंडी खांबावर उभा आहे. माझ्याखाली आता मोटारी लावतात. मित्रांनो, जिल्ह्यातला सर्वांत चांगला मुलींचा संघ इथेच घडला, हे त्या मोटारवाल्यांना सांगूनही खरं वाटणार नाही.

१९९८ साली पिरंगुटच्या एका सुताराने मला जाड प्लायवूडमधून कापलं. पांढरा रंग दिला, मधे काळा चौकोन आखला, रिंग बसवली. मैदान मात्र मुरमाचं होतं. संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव उद्घाटनाला म्हणाले, "सिमेंटचं मैदान पुढच्या वर्षी नक्की." मी भोळा, टाळ्यांच्या आवाजाला भुललो.

दोन वर्षांनी सुलक्षणा आली. नेऱ्याच्या शेतकऱ्याची मुलगी, उंच, दांडगी आणि फटकळ. तिच्या पाठोपाठ अपूर्वा आली. तिचे वडील लातूरहून हिंजवडीला नोकरीसाठी आलेले. अपूर्वा मोजकं बोलायची, पण लांबून मारलेला तिचा चेंडू मला न शिवता जाळीतून खाली उतरायचा. त्यांना शिकवायचे भूगोलाचे शैलेश सर. पुस्तकं वाचून वाचून ते स्वतःच हा खेळ शिकले होते.

त्या वर्षी पोरी आंतरमहाविद्यालयीन करंडक घेऊन आल्या. पुढच्या वर्षीही आल्या. मी खांबाला बांधलेला, मला एकही अंतिम सामना दिसला नाही. शहरातल्या संघांना इथे बोलावलं, तर ते म्हणायचे, "त्या मुरमावर कोण खेळणार?" आमच्या पोरी रोज त्याच मुरमावर पडायच्या. गुडघ्यातले खडे काढायच्या आणि पुन्हा धावायच्या.

मुळशीचा पाऊस मैदानाला चर पाडायचा. सुलक्षणाचे वडील हैबतराव दर दिवाळीत ट्रॅक्टरभर मुरूम आणून टाकायचे. एकदा ते विठ्ठलरावांना म्हणाले, "साहेब, मुरूम आमी टाकतो, त्याचं काय न्हाई. पन दरसाली वाहून जातुया. पक्कं कवा करनार?"

"अहो हैबतराव, कसलीही सोय नसताना तुमची मुलगी जिंकते, हाच तर आपला अभिमान!" विठ्ठलराव हसत म्हणाले.

मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. फळ्याला तोंड कुठलं?

तिसऱ्या वर्षी सुलक्षणाला विद्यापीठाच्या संघात जागा मिळणार, असं सगळे म्हणत होते. निवड तोंडावर आली होती. त्या संध्याकाळी ती चेंडू घेऊन माझ्याकडे झेपावली आणि खाली येताना तिचा पाय चरात गेला. गुडघा मोडल्याचा आवाज मला वर ऐकू आला. शैलेश सर धावले. ती रडली नाही. मुरूम मुठीत धरून नुसती म्हणत राहिली, "सर, मी चर बघितला व्हता. रोजच बघत व्हते."

तरीही पोरी हरल्या नाहीत. अपूर्वाने संघ सांभाळला आणि तिसरा करंडक आणला. सत्काराला सुलक्षणा कुबड्या घेऊन आली. विठ्ठलरावांनी पुन्हा तेच भाषण केलं. मग ती उभी राहिली.

"साहेब, आमी जिंकलो म्हनून तुमी म्हनता मैदान लागत न्हाई. हारलो असतो तर संघच बंद केला असता. मग आमी करायचं तरी काय?"

शैलेश सरांनी मान खाली घातली. विठ्ठलराव म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की."

त्या मुली पास होऊन गेल्या. सरांची बदली संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात झाली. संघ विस्कटला. २००६ साली एकदाचं सिमेंट आलं. मिक्सर फिरताना पाहून मी हरखून गेलो होतो. सिमेंट वाळलं आणि त्यावर पिवळे पट्टे मारले गेले. ते मोटारींसाठी होते.

२०१० साली संस्थेने 'आमचा सुवर्णकाळ' नावाचा कार्यक्रम केला. मला नवा रंग मिळाला आणि माझ्या काळ्या चौकोनावर सोनेरी अक्षरांत 'सुवर्णकाळ' लिहिलं गेलं. रिंगला झेंडूचा हार घातला. सुलक्षणा आली. ती आता पौडजवळच्या एका शाळेत खेळ शिकवते, चालताना अजून लंगडते. तिने शाल घेतली आणि विठ्ठलरावांना म्हणाली, "शाळंत पोरी हायेत, मोकळी जागा बी हाय, फकस्त बोर्ड न्हाई. हितं ह्याचा काय उपयोग? मला द्या."

माझा खांबसुद्धा थरारला असावा.

"छे छे," विठ्ठलराव म्हणाले, "ही तर आपल्या सुवर्णकाळाची आठवण. ती कशी देणार?"

सुलक्षणाने शाल घडी करून त्यांच्या खुर्चीवर ठेवली. माझ्याजवळ आली, दोन मोटारींच्या मधे आडवी होऊन शिरली आणि खांबावर तळहात टेकवून थोडा वेळ उभी राहिली. मागून कुणीतरी गाडी काढायची म्हणून हॉर्न वाजवला. ती बाजूला झाली आणि निघून गेली.

मित्रांनो, मला हार नको, सोनेरी अक्षरं नकोत. माझ्यावर चेंडू आदळू द्या. मी फुटलो तरी चालेल, एखाद्या मुलीच्या खेळात फुटू द्या. आणि जिंकणाऱ्यांच्या गळ्यात हार घालण्याआधी एकदा खाली वाकून त्यांच्या पायांखालची जमीन बघत जा.