फोटोवालीला कोणी हटकत नाही

"हालला," कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत संस्कृती म्हणाली. "कोंबडीले तीन मुंडके आले पाह्य, माय."

भागिरथाने वाकून पाहिले. ओसरीपुढे दाणे टिपणारी कोंबडी फोटोत नुसता पिंजलेला कापूस झाली होती.

"कोंबडीच हालली असन. माहा हात नाही हालला."

"ते हालनारच ना! म्हनून हा शटरचा आकडा वाढवाचा. दोनशेच्या खाली उतरू नको. अन् अंधार वाटला तं आयएसओ चढव. फोटो दानेदार आला तं येऊ दे, पन हालू नको देऊ."

लग्न चार दिवसांवर आलेले आणि नवरी मुलगी आईला कॅमेरा शिकवते आहे! आसेगावात याची चर्चा झाली नसती तरच नवल. संस्कृती अकोल्याला नर्स होती. तिथल्याच एका मैत्रिणीकडून तिने हा जुना कॅमेरा आणला होता. लग्नाला मुलाकडचे लोक किन्हीराजाहून आपला फोटोवाला आणणार होते, पण हळदीला कोणी नव्हते. "घरच्याघरी निभते, बरंच आहे," असे म्हणून दौलतराव मोकळे झाले. दौलतराव म्हणजे भागिरथाचे मोठे दीर. कन्यादानाला तेच आणि त्यांची बायको लिलाबाई बसणार होते. नवरा गेलेल्या बाईने कसे बसायचे?

खरी गोष्ट संस्कृतीने फक्त आईला सांगितली होती.

"बाबा गेले तवापासून तू कोन्या मांडवात मोऱ्हं आली का? चुलीपाशी नाही तं मांगच्या दारात. माह्या लग्नातबी तेच करशीन, मले मालूम आहे. पन फोटोवाल्याले कोनी हटकत नाही, माय. नवरदेवाच्या नाकाजवळ उभा रायला तरी कोनी काही म्हनत नाही. तू फोटोवाली हो. मले तू जवळ पायजे."

भागिरथाने कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घातला.

"अन् एक फोटो आपल्या दोघींचा. मी मोठी झाल्यावरचा एकबी नाही आपल्याजवळ. तो मी संग नेईन." मग तिने टायमर दाखवला. "हे दोन सेकंदाचं, हे दहाचं. दाबाचं अन् मोऱ्हं येऊन उभं रायचं."

"दोन सेकंदात माहे गुडघे तरी सरकते का?"

"मंग दहावर ठेव. आरामात ये."

सातवी शिकलेली बाई, पण जिद्दीला पेटली. तीन दिवस कोंबडी, बकरी, नळावरच्या बाया, जे दिसेल त्याचे फोटो काढले. शेवटी कोंबडीला एकच मुंडके आले तेव्हा दोघी मायलेकी पोट धरून हसल्या. त्या घरात इतके हसू बऱ्याच वर्षांनी ऐकू आले.

हळदीच्या सकाळी मात्र पंचाईत झाली. मांडवाचे कापड गुलाबी, त्याखाली सगळ्यांची तोंडे ताप चढल्यासारखी लालबुंद! भागिरथाने कॅमेऱ्यातल्या रंग सुधारायच्या खुणांपैकी सूर्याचे चित्र लावून पाहिले, ढगाचे लावून पाहिले. बल्बाचे लावले तर दौलतरावांची आत्या नानीबाई मुडद्यासारखी निळी पडली. घाबरून तिने पुन्हा ऑटोवर आणले आणि पुढे सरकली.

"भागिरथा, मांगं सरक व," नानीबाई लगेच कडाडली. "सवासिनी लावून राह्यल्या हळद. दिसत नाही का तुले?"

"ते मांगं सरकली तं फोटो कोन काढन, आजी?" डोळे मिटूनच संस्कृती म्हणाली. "तुमी काढता का?"

बाया हसल्या आणि नानीबाईचे तोंड बंद झाले. युक्ती लागू पडली! भागिरथा लेकीच्या इतकी जवळ गेली की हळदीचा एक शिंतोडा थेट काचेवर उडाला. तिने तो बोटाने पुसला. दिवसभर ते पिवळे बोट तिने पाण्यात घातले नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागले. किन्हीराजाच्या फोटोवाल्याशेजारी भागिरथाही कॅमेरा घेऊन उभी होती. कन्यादानाला लिलाबाईने संस्कृतीच्या हाताखाली आपला हात धरला आणि दौलतरावांनी पाण्याची धार सोडली. लिलाबाई काही वाईट बाई नव्हे. तिचे डोळे खरेच भरून आले होते. पण भागिरथा पडद्यात बघत होती. पोर आपली, नऊ महिने आपण वाहिली, आणि ओंजळ दुसरीची! तिने दातावर दात धरले, आकडा तपासला, श्वास रोखला आणि बटण दाबले. फोटो हालला नाही.

ऊन उतरले तशी किन्हीराजाची मंडळी घाई करू लागली; त्यांचा फोटोवालाही सामान आवरून मोकळा झाला. गाडी दारात लागली. रडारड सुरू झाली. त्या गर्दीतून संस्कृतीने आईला शोधले.

"माय, आपला फोटो रायला! टायमर लाव."

भागिरथाने खुर्चीवर खुर्ची चढवून वर कॅमेरा ठेवला. लेकीवर फोकस धरला, टायमर दहावर नेला आणि दाबले. लाल दिवा लुकलुकू लागला. संस्कृतीने हात पुढे केला. "ये ना, माय. ये लवकर."

भागिरथा निघाली.

"अवं भागिरथा!" मागून नानीबाईचा आवाज आला. "पोरगी घर सोडून निंगाली, अन् तू उजाड कपाळ घेऊन मोऱ्हं चालली का? तिचं वाईट कराचं आहे का तुले?"

कोणी भागिरथाला धरले नाही, की अडवले नाही. तिची तीच थांबली. अकरा वर्षांची सवय, पाय आपोआप जागीच रुतले. अरे, एक पाऊल! एक पाऊल टाकायला काय झाले होते? पण लेकीचे वाईट होईल म्हटल्यावर कोणती आई पाऊल टाकील?

कॅमेरा वाजला. तेवढ्यात बायांनी संस्कृतीला गाडीत बसवले आणि गाडी निघालीसुद्धा.

दोन दिवसांनी किन्हीराजाहून तिचा फोन आला.

"माय, आपला फोटो कसा आला? हालला तं नाही?"

भागिरथाने कॅमेरा मांडीवर घेतला. पडद्यावर संस्कृती होती, पुढे केलेला हात, बोटे उघडी. डाव्या कडेला पाठमोरा खांदा आणि लुगड्याचा थोडासा काठ.

"नाही हालला. एकदम साफ आला. तुह्या हातावरची मेंदीबी दिसते."

"अन् तू?"

भागिरथाने काठावरून बोट फिरवले. बोटावरची हळद आता फिकट झाली होती.

"हाव ना," ती म्हणाली. "मीबी आहो थोडी."