‘शुल्क माफ’ आणि राणीसरकारच्या बांगड्या

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. वरच्या कोर्टात अपील दाखल करतात, त्या खिडकीमागे कारकूनबाईंच्या टेबलावर माझा मुक्काम. लाकडी मूठ, खाली रबर आणि रबरावर उलटी अक्षरे : ‘शुल्क माफ’. एका म्हाताऱ्या कारागिराने ती डोळ्यांत तेल घालून कोरली.

खालच्या कोर्टात हरलेल्या माणसाला वर दाद मागायची, तर आधी फी भरावी लागते. ज्याची ऐपत नाही, त्याने तसा अर्ज करायचा. अर्ज तपासणाऱ्या साहेबांना पटले की फी माफ, आणि मी कागदावर. पण हे ठाऊक कुणाला? माझ्या शेजारचा ‘फी भरली’ दिवसभर धपाधप नाचायचा, आणि मी महिनोन्‌महिने स्टँडला लटकलेला. एकदा तर माझ्या मुठीने अक्रोड फोडले. असो.

माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर दिवस मात्र सांगायलाच हवा.

त्या दुपारी शिवणकाम करणारी एक बाई आली. खालच्या कोर्टाने तिला दुकानाची खोली सोडायला सांगितले होते. त्याच खोलीत तिचे मशीन, तिची गिऱ्हाइके, दोन मुलींच्या शिक्षणाचा आधार. अपिलाचा तो शेवटचा दिवस, आणि खिडकी पाचला बंद. अर्ज नीट होता, कागद जोडलेले होते. चूक एकच झाली. कोर्टात जायचे म्हणून ती नटून आली होती. ठेवणीतले कपडे आणि दोन्ही हातांत चार-चार बांगड्या, लखलखीत. मी पाहत आलोय, गरीब माणूसच ही चूक करतो. पैसेवाले खुशाल चुरगळलेल्या शर्टात येतात.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिले. “बाई, हातात एवढं सोनं, आणि फी माफ करा म्हणता?”

“माझं नाही ते, साहेब. शेजारणीनं घालायला दिलंय.”

“हं. इथं येणाऱ्या सगळ्यांच्याच शेजारणी फार उदार असतात.” अर्ज बाजूला गेला. घड्याळात साडेचार.

शेजारीण बाहेर बाकावरच होती. गल्लीत तिला राणीसरकार म्हणत. बांगड्या नजरेआड होऊ नयेत म्हणून ती पाठोपाठ आली होती. सगळे ऐकून ती तरातरा आत शिरली.

“बांगड्या माझ्या आहेत.”

“मग सोनं तुमचं. मोडा एखादी आणि भरा मैत्रिणीची फी,” साहेब म्हणाले.

राणीसरकारचा चेहरा पडला. तिने एकदा दाराकडे पाहिले, मग आवाज खाली आणला. “सोनं कसलं, साहेब. पितळ आहे. दर महिन्याला लिंबानं घासते.”

शिवणवालीने हातातल्या बांगड्यांकडे पाहिले. “अगं, वीस वर्षं कुणाला हात लावू दिला नाहीस!”

“म्हणूनच नाही दिला.”

कारकूनबाई हसू दाबायला खणात काहीतरी शोधू लागल्या. साहेबांनी एक बांगडी मागून घेतली, हातात तोलली, नखाने खरवडली. “लेखी द्या तसं.”

“पिवळ्या धातूच्या, असं लिहिलं तर चालेल?”

“पितळेच्या लिहा.”

तिने लिहिले, जणू प्रत्येक अक्षर दातांखाली चावून. साहेबांनी मंजुरीची सही केली. पाचला दहा मिनिटे कमी.

कारकूनबाईंनी मला उचलले. इतक्या दिवसांत मी पार वाळलो होतो. पहिल्या दणक्यात नुसता ‘शु’ उमटला. कारकूनबाईंनी पॅडवर शाईचे थेंब सोडले, मला तोंडाची वाफ दिली आणि पुन्हा दाबले. या खेपेला उमटलो, अगदी काना-मात्रेसकट. अपिलाला नंबर पडला, ते वेळेत दाखल झाले.

शिवणवाली तिथेच बांगड्या उतरवायला लागली. राणीसरकारने तिचा हात धरला. “राहू दे गं घरापर्यंत. आता कशाला जीव टाकू त्यांच्यावर?” मग दोघी ज्या हसत सुटल्या, की रांगेतली माणसेसुद्धा कारण न कळता हसली.

मित्रांनो, पुढे निकाल काय लागला, ते या खिडकीपर्यंत आले नाही. पण फीचा आकडा ऐकून आल्या पावली परतलेली माणसे मी फार पाहिली आहेत. तुमच्या ओळखीचे कुणी असे परतत असेल, तर त्याला थांबवा. ‘फी माफीचा अर्ज असतो का हो?’ एवढेच खिडकीवर विचारायला सांगा. आणि माझ्या पॅडवर शाई राहू द्या. मी झिजलो, तर नवा कोरून घ्या. मला झिजायचेच आहे.